फडताळात न मावणारा सिंथेसायझर

नागोयातल्या जुन्या वाद्यांच्या दुकानात योशिनो मोजपट्टी घेऊनच आली होती. घरच्या कॉम्प्युटरला जोडायला तिच्या नवऱ्याला, शिगेहारुला, स्वस्तातला सिंथेसायझर हवा होता. तिची अट एकच होती, तो फडताळात मावला पाहिजे. मावणारे तिन्ही शिगेहारुने काही ना काही खोड काढून नाकारले आणि तो एका खरचटलेल्या यंत्रापाशी अडून बसला.

"अहो, हा आठ सेंटिमीटर जास्त आहे. पांढऱ्या पट्ट्याही पिवळ्या पडल्यात."

"आधीच्या मालकाने बनवलेले आवाज अजून आत आहेत. ऐक तर."

तिने हेडफोन लावून बटण दाबलं. पडद्यावर आवाजाचं नाव आलं, 'योशिनो'. पट्टी दाबताच खिडकीतल्या काचेच्या घंटीसारखा नाजूक सूर निघाला.

"तुझ्या अंगठीसाठी विकला होता," तो पुटपुटला. "बारा वर्षं शोधत होतो."

योशिनोने मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकली. "फडताळातल्या गाद्या वरच्या कप्प्यात टाकू," म्हणत तिने पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर 'सासूबाई' उमटलं, तशी शिगेहारुने घाईने वायर उपटली.

"लावा परत," योशिनो म्हणाली. "माझ्या आईचा आवाज ओळखू येतो का, बघू."