अपूर्ण गाडी विकणे आहे

“इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, दिवे नाहीत, चाकंसुद्धा नाहीत,” बाई म्हणाल्या. “मग नुसता सांगाडा नेऊन तुम्ही करणार काय, दादा?”

“हौस हो, ताई,” दलाल म्हणाला. “बाकीचं शोधू सावकाश. चार ठिकाणी विचारू, जमवू.”

इतकं धडधडीत खोटं बोलताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बाकीचं सगळं केव्हाच जमलं होतं. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये त्या जुन्या फ्रेंच गाडीचं इंजिन, दिवे, रेडिएटर, चामड्याच्या सीट, सगळं पुसून-पासून, तेल घालून मांडून ठेवलं होतं. शेड होती बाईंच्या घटस्फोट झालेल्या नवऱ्याची, म्हणजे दलालाच्या मालकांची. कोर्टाने घर आणि घरातली गाडी बाईंच्या पदरात टाकली, तेव्हा मालक गप्प बसले. बाई आपल्याला गाडीचा एक स्क्रूही विकायच्या नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग बाई एकेक भाग विकायला काढत गेल्या, आणि मालक दरवेळी नवा माणूस पुढे करून तो घेत गेले. कधी सिनेमावाला, कधी म्युझियमवाला, कधी कुणी हौशी डॉक्टर. ही सगळी सोंगं उभी केली ती या दलालाने.

आज मात्र तो स्वतःच ट्रक घेऊन आला होता. सांगाडा शेडमध्ये पोचला की गाडी पूर्ण होणार, आणि त्याची इतक्या वर्षांची थकलेली दलालीही एकरकमी हातात पडणार. मालकांनी तसा शब्दच दिला होता.

खोलीत शिलाई मशिनी धडधडत होत्या. कोपऱ्यातून एका कारागीर बाईने ओरडून विचारलं, “रेडिएटर रिकामा आहे का गं?”

दलाल दचकला. बाई हसल्या.

“मशिनींची नावं आहेत ती. माझ्या लेकीने ठेवलेली. गाडीचे दिवे विकून पहिली मशीन आणली, तिचं नाव दिवा. रेडिएटरच्या पैशात ती काज पाडायची आली. आणि इंजिनाने तर अर्धी खोली भरली.”

“वा! म्हणजे गाडीने चांगलंच दिलं म्हणायचं.”

“आधी घेतलं होतं ना तिने.” बाई कापड बेतत होत्या. आवाज गोड, पण कात्री सपासप चाललेली. “याच खोलीत माझ्या मशिनी होत्या, दादा. बाळंतपणाला माहेरी गेले आणि लेकीला कुशीत घेऊन परत आले, तर मशिनींच्या जागी ही महाराणी उभी. तिच्यासाठी नवऱ्याने सगळ्या फुंकून टाकलेल्या. वर मलाच म्हणतो कसा, अशी गाडी पुन्हा जन्मात मिळायची नाही, तू नुसती बघ तरी! मी बघत बसले. बाळाच्या दुधाचे वांधे, आणि हा गाडीला मेण लावतोय.”

मालकांनी सांगितलेली कथा वेगळी होती. तिच्यात बायकोने नवऱ्याची गाडी घशात घातली होती. दलालाला क्षणभर कसंसंच झालं. पण हळहळत बसून त्याचं पोट भरणार नव्हतं.

“किंमत बोला, ताई.”

बाई बोलल्या. तेवढ्या पैशांत नवी कोरी, चालती गाडी दारात आली असती. दलालाने मात्र मान डोलावली आणि बॅगेत हात घातला.

“पैसे राहू द्या हो, घाई काय आहे? चहा घ्या आधी,” बाई म्हणाल्या. “मागे माणसं कामाला लागलीच आहेत.”

चहा आला. मागच्या अंगणातून सूं सूं आवाज येत होता. इस्त्रीची वाफ असेल, असं दलालाला वाटलं. कप घेऊन तो दाराबाहेर गेला आणि त्याने मालकांना फोन लावला.

“काम फत्ते. निघालोच.”

“जपून आण रे,” मालकांचा आवाज कापत होता. “ओरखडासुद्धा नको. हाताने ठोकून घडवलेली बॉडी आहे ती. दुसरी मिळायची नाही.”

दलाल खुशीत शीळ घालत घराला वळसा घालून मागे गेला, आणि तिथेच थिजला.

दोन माणसं गॅस कटर घेऊन गाडीला भिडली होती. छताचे दोन तुकडे झाले होते. लांबलचक बॉनेट भंगारवाल्याच्या काट्यावर पडलं होतं. चेसिसचा शेवटचा दांडा त्याच्या डोळ्यांदेखत तुटून खाली आला.

“अहो, थांबवा! थांबवा त्यांना!” तो किंचाळला. इतकी वर्षं तोंडाला घातलेलं कुलूप एका झटक्यात निखळलं. “मालकांकडे सगळं आहे हो! इंजिन आहे, दिवे आहेत, चाकं आहेत! आता सांगाड्याशिवाय त्याचं काय लोणचं घालायचं?”

बाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. गळ्यात टेप, हातात कात्री. मालक कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

“पहिले दिवे गेले तेव्हाच कळलं होतं मला, कुणाकडे चाललेत ते,” त्या म्हणाल्या. “संसार केलाय मी त्याच्याशी. तो ही गाडी सोडेल होय?”

दलाल तरातरा बाईंपुढे आला. कपातला चहा पँटवर सांडला, तरी त्याला भान नव्हतं.

“अहो, सूडच घ्यायचा होता तर पहिल्याच दिवशी कापून टाकायची! इतकी वर्षं कशाला थांबलात?”

“पहिल्याच दिवशी कापली असती,” बाई म्हणाल्या, “तर बाकीचं त्याने विकत घेतलं असतं का?”