सहाच पानं उरली

सातवीतल्या शाल्मलीला शाळेनं सुट्टीत वाचायला दिलेलं ई-पुस्तक अवघं चाळीस पानांचं निघालं. वर्गातल्या बाकीच्यांचं तीनशेचं होतं. तिच्या आईनं, वृंदानं, बाईंना फोन लावला.

"हातात धरलं की पुस्तक नाडी तपासतं," बाई अडखळत म्हणाल्या. "कुणाचंही अर्धवट राहू नये, म्हणून वाचणाऱ्याचं जेवढं आयुष्य उरलंय, तेवढीच गोष्ट लांबते."

वृंदानं चार दवाखाने पालथे घातले. उपाय कुणाकडेच नव्हता.

"आई, सहाच पानं उरलीत. दमले मी, तू वाचून दाखव."

वृंदानं पुस्तक हातात घेतलं. पानांचा आकडा भराभर वाढत दोनशेवर गेला.

"अजून बरीच आहे की गोष्ट," शाल्मली हरखली.

 वृंदानं वाचायला सुरुवात केली.