ताणलेली दोरी

धरणाचा भोंगा वाजला, तेव्हाच पारूबाईने नवऱ्याला होडी काठाला घ्यायला सांगितले होते. पण तेवढ्यात गळाला भला थोरला कटला लागला आणि पुंडलिकाला दुसरे काही ऐकू येईना. “दरवाजे उघडायला लई वेळ हाय,” म्हणत त्याने दोरी होडीच्या पुढच्या खुंटीला बांधली. होडी सरसर निघाली. “बघ, कसा ओढतोय गडी. वल्हंसुद्धा लागंना. उद्या बिडकीनच्या बाजारात तुझी मान ताठ.” मागे बसलेल्या पारूबाईला धरणाची भिंत जवळ येताना दिसली. तिने दचकून मागे पाहिले. दोरी होडीखालून निघून तिच्या पाठीमागे, खोल पाण्याकडे, तारेसारखी ताणलेली होती. मासा जिवाच्या आकांताने भिंतीपासून दूर पळू पाहत होता. “अवो,” ती म्हणाली, “मासा तर मागं ओढतोय. मग आपल्याला पुढं कोण नेतंय?” पुंडलिक वळला, तोच दोरी तुटून मासा सुटला; होडी मात्र धरणाच्या दरवाजांकडे सरसर जातच राहिली.