ताट हातात असेपर्यंत

आरती शेवटच्या कडव्यावर आली तशी तृप्तीनं पदर कमरेला खोचला.

ग्रामपंचायतीचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, म्हणून ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरायची. आरतीनं सुरू व्हायची आणि खरं तर आरतीनंच संपायची. सह्या आधीच झालेल्या असत, ठराव ग्रामसेवक भाऊसाहेबांनी घरूनच लिहून आणलेले असत. ताट पुरुषांतून फिरून बायकांत यायचं, शेवटची बाई ते ओट्यावर नेऊन टेकवायची, की लोक चपला शोधायला लागायचे. पण ताट हातात असेपर्यंत कुणी जागचं हलत नसे. देवाच्या ज्योतीकडं पाठ करून जायचं नाही, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

तृप्तीनं हे तीन सभा बघून ठेवलं होतं. आज ती बायकांच्या रांगेत मुद्दाम शेवटी उभी होती.

अंगणवाडीमागच्या जुन्या विहिरीचा कठडा दोन वर्षांपूर्वीच ढासळला होता. यंदाच्या पावसानं पाणी काठापासून हातभर अंतरावर चढलं होतं. मंगळवारी तिची तीन वर्षांची छकुली त्या काठावर बसून पाण्यात खडे टाकत होती. मदतनीस सगुणाबाईनं झग्याला धरून मागं ओढली म्हणून. त्या ‘म्हणून’च्या पुढचं तृप्तीला मनातल्या मनातही पुरं करता येत नव्हतं.

रांगेत तृप्तीच्या पुढं उषाबाई होत्या. पाटीवर सरपंच म्हणून नाव त्यांचं, कारभार त्यांचे मालक आबाराव बघायचे. ते बोट ठेवतील तिथं सही करायची आणि बायकांत येऊन बसायचं. तीन वर्षांत सभेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. उषाबाईंनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले आणि ताट तृप्तीच्या हातात दिलं. पितळी होतं, वाटलं त्याहून जड.

ती चार पावलं ओट्याकडं गेली आणि मधेच थांबली.

“आबा, अंगणवाडीच्या विहिरीवर जाळी कधी बसणार?”

पुरुषांत उभ्या असलेल्या अंगदनं, तिच्या नवऱ्यानं, मान खाली घातली. आबाराव हसले. गावातल्या कुठल्याही सुनेला ते सूनबाईच म्हणत. “सूनबाई, आधी ताट ठेवा. देवापुढं कुठं इहिरीचं काढता?”

“देवापुढंच काढते आबा. मागं दोनदा अर्ज देऊन काढलं होतं, कुणाला ऐकू आलं न्हाई.”

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. आबारावांनी पुढच्या सभेला विषय घेऊ म्हणून सांगितलं. बिलकुल घेऊ, पहिला घेऊ. तृप्ती म्हणाली की आजच्याच ठरावात लिहा, तारखेसकट. भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं होतं. ते काढावं की राहू द्यावं या विचारात ते आबारावांच्या तोंडाकडं बघत बसले. म्हातारे कचरूबुवा खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, “आबा, लिवून टाका की. माझे गुडघे गेले उभ्यानं.”

आबारावांनी रुमालानं मान पुसली. मग शिपायाकडं वळून अगदी सहज म्हणाले, “कल्याण, लई उकडून राह्यलंय. पंखा लाव.”

आरतीसाठी पंखा बंद ठेवतात. तो का लावायचा, हे मंडपातल्या प्रत्येकाला कळलं. कल्याण दोन पावलं गेला, थांबला, आबारावांनी पुन्हा बघितलं तेव्हा त्यानं बटण दाबलं.

तृप्तीनं ताट घट्ट धरलं. आरती ज्या बाईच्या हातात विझते, तिच्या लेकराला ते बाधतं, असं गाव मानत होतं. तृप्ती बी.एस्सी. झालेली होती. असल्या गोष्टींना ती माहेरी हसायची. पण छकुली झाल्यापासून ती कशालाच हसत नव्हती. ज्योत विझली तर विहिरीचं राहील बाजूला, आणि पोरीला साधा ताप आला तरी गाव हेच बोलेल. गावाचं सोडा, ती स्वतः काय म्हणेल?

पंखा कुरकुरत फिरायला लागला. ज्योत एकदा वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. दोन्ही हात ताटात गुंतलेले. ओटा पाच पावलांवर होता. ताट टेकवायचं की मिटलं सगळं.

“ठेव ना गं,” मागून जाऊबाई भावना कुजबुजली. “लेकरावर कशाला घेती?”

तृप्तीनं पाठ पंख्याकडं केली, खांदे पुढं घेतले. वारा वरून येत होता. ज्योत बारीक झाली, निळी झाली, वातीच्या टोकाला नुसती चिकटून राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत.

तेवढ्यात दोन हात आले. हिरव्या बांगड्यांचे, कामानं रापलेले. त्यांनी ज्योतीभोवती ओंजळ केली, अगदी जवळून. ज्योत थरथरली आणि वर आली.

“अगं, तू कुठं मधी?” आबाराव म्हणाले.

उषाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं नाही. पदर डोक्यावरून घसरला होता, तो घ्यायला हात मोकळा नव्हता.

“भाऊसाहेब, तारखेसकट लिवा,” त्या म्हणाल्या. “जल्दी लिवा. हात पोळून राह्यलेत माझे.”