काटा अर्धा सूर पुढे

काटा: ८८००

लाल लाइट पेटली. देवेशने बाइकचा ॲक्सिलरेटर सोडला.

"बघ. परफेक्ट. आठ हजार आठशेला सेट केलीय, आठ हजार आठशेला पेटते. तिथे इंजिनची फुल ताकद. लाइट दिसली की गिअर टाकायचा, बास. लाइट बरोबर आहे, प्रांजल. तुझा पाय जड आहे, मान्य कर ना."

प्रांजलने आपल्या गिअर टाकणाऱ्या डाव्या पायाकडे पाहिलं. उद्या सकाळी रेसिंग टीमची शेवटची चाचणी होती. आधीच्या तिन्ही वेळा ती अर्ध्या सेकंदाने मागे पडली होती. आता तिलाही त्या पायाचा राग यायला लागला होता.

रविवार. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले बाकी सगळे गाळे बंद. देवेशच्या गॅरेजच्या दाराशी, आडव्या टायरवर, तिचे वडील गुणाजी मांडीवर पेटी घेऊन बसले होते. संध्याकाळी जोगेश्वरीला डबलबारी होती, दोन भजनी बुवांचा सामना. एका बुवांची पेटी गुणाजी वाजवणार होते. पाच मिनिटं गॅरेजला थांबू, मग तुम्हाला सोडते, असं लेक म्हणाली होती. त्याला पाऊण तास झाला होता.

त्यांनी तिची एकही रेस पाहिली नव्हती. बोलावलं की म्हणायचे, आवाज सोसत नाय.

"परत वाजव," ते म्हणाले.

"काका, गाडी आहे ती. वाजवत नाहीत."

"वाजव रे मेल्या."

काटा: ८८००, परत

लाइट पेटली त्याच क्षणी गुणाजींनी भाता दाबला आणि खर्जातली एक पट्टी धरली. इंजिन आणि पेटी एकमेकांत अशी मिसळली की कुठला आवाज कुणाचा, ते कळेना.

"काळी एक," गुणाजी म्हणाले. "मगासपासून तीनदा आयकलंय. तुमची लाइट काळी एकातच पेटता."

"मग?"

मग काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण प्रांजल उठली. भजनी मंडळाची वाद्यं जुळवायला वडिलांच्या फोनमध्ये जे ॲप होतं, ते तिने उघडलं आणि फोन पेटीजवळ धरला.

"धरा ती पट्टी, अप्पा."

एकोणसत्तर. सेकंदाला एकोणसत्तर कंपनं, म्हणजे इंजिनचे तेवढेच ठोके. एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ठोका देतं. टाकीवरच्या धुळीत तिने बोटाने मिनिटाच्या फेऱ्या मांडल्या: ६९ × २ × ६०.

८२८०.

"पाचशे कमी," ती म्हणाली.

"पेटी चुकली असेल," देवेश म्हणाला.

गुणाजींनी भाता बंद केला.

"काय चुकली?" गुणाजींनी विचारलं.

"नाही म्हणजे, काका..."

"कालच पट्टी न् पट्टी जुळवलंय. तुझो काटो खोटा बोलता."

काटा: १००००

प्रांजलने ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला. ठप्. ठप्. ठप्. ठप्. इंजिन अडखळायला लागलं. ह्याच्या वर फिरू नये म्हणून लिमिटर पेट्रोल तोडत होता.

"कंपनीचा लिमिटर कितीला?"

"साडेनऊ," देवेश म्हणाला. "पण तो ढिला ठेवलाय त्यांनी, मी तुला बोललो ना, दहाला..." तो थांबला. काट्याकडे पाहिलं. "आयला. इथे पण पाचशे."

"लिमिटर ढिला नाही. काटाच पुढे पळतोय."

"आणि लाइट काट्याचं ऐकते, म्हणून पाचशे आधीच पेटते."

"म्हणजे माझा पाय..."

"झकास आहे तुझा पाय, बाई." देवेशने हात जोडले. मग लगेच त्याचा चेहरा पडला. "पण वाट लागली. ही लाइट नऊ हजारच्या वर सेटच होत नाही. आणि आज दुकानं बंद. उद्या गिअर कशावर टाकशील?"

गुणाजींनी बोट अर्धा सूर वर सरकवलं. पांढरी दोन. फोनवर त्र्याहत्तर. प्रांजलने धुळीत गुणाकार केला. ८७६०.

"चाळीस कमी. चालेल!"

"मग घे सूर."

"अप्पा, मी दहा वर्षांची असताना पेटी सोडली."

"घे म्हटलं ना गो."

तिने घेतला. आधी फाटला. देवेश हसला. दुसऱ्यांदा घेतला. मग तोच सूर गुणगुणत तिने हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली.

काटा: कुणी पाहिला नाही

गाळ्यांच्या दोन रांगांमधली लांब गल्ली रिकामी होती. गाडी सुटली. गुणाजींनी डोळे मिटले.

चढतोय. चढतोय. काळी एक आली. तिथे लाइट पेटली असणार. देवेशचा पाय जागच्या जागी हलला. तिचा नाही हलला. अजून. अजून जरासा. पांढरी दो—

खट्.

आवाज खाली आला, परत चढला. परत तिथेच, खट्. समेवर पडावा तसा दोन्ही वेळा गुणाजींचा हात मांडीवर पडला.

"काका, आवाज सोसत नाही ना तुम्हाला?"

"गप रे."

पुढे फाटक होतं, तिसऱ्या गिअरच्या पुढे ती गेली नाही. वळून सावकाश आली, आणि शेवटचा उतार इंजिन बंद करून, गाडी नुसती सोडून. काच वर होती. ती गात होती. मोठ्याने, हसत, मध्येच श्वास घेऊन परत तोच एक सूर.

गुणाजींनी हळूच पांढरी दोन दाबून पाहिली.

केसाइतकाही फरक नव्हता.