बाकावरची अकरा वर्षं

योगेशने फोनची काच शर्टाला पुसली आणि पान पुन्हा उघडलं. आकडा तोच होता. देवराम सासने, गोलकीपर, भारतीय फुटबॉल संघात अकरा वर्षं. खेळलेले सामने: शून्य.

बनी पार्कातल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं येऊन बसली होती. निम्मी खातीपुऱ्याकडची फौजी कुटुंबं, निम्मी योगेशसारखी, नोकरीपायी जयपुरात येऊन पडलेली. व्यासपीठावर योगेशनेच हौसेने करून घेतलेला फलक होता: ‘अकरा वर्षं भारताचा गोल राखणारे सुभेदार देवराम सासने यांचा सत्कार’. पाहुण्यांचं नाव सुचवलं योगेशने, परिचय करून देणार योगेश. आणि माहिती शोधायला बसला कधी, तर कार्यक्रमाला दहा मिनिटं उरल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

“अरे, हा माणूस एकही मॅच खेळलेला नाही!” योगेशने पुढे केलेला फोन पाहून मंडळाच्या सेक्रेटरी चारुलताताईंनी कपाळाला हात लावला. “लोक हसतील आपल्याला. शाल-श्रीफळ पहिल्या रांगेतल्या कर्नलसाहेबांना देऊ. यांच्या हातात एक पुष्पगुच्छ ठेवू आणि मोकळं होऊ.”

योगेशला वेगळीच लाज वाटत होती. हा माणूस मागायला थोडाच आला होता? फोनवर तर तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, मला कशाला, दुसरं कोणी बघा. आग्रह आपण केला. आता दोनशे लोकांसमोर त्याची शोभा होणार, ती आपल्यामुळे.

तो मागच्या खोलीत गेला. सुभेदार खुर्चीच्या टोकावर ताठ बसले होते. अंगात इस्त्रीचा कोट आणि कोटावर, खांद्यावर टाकलेला पांढरा टॉवेल. शेजारी त्यांच्या पत्नी पार्वतीकाकू.

“सर, एक विचारू? इंटरनेटवर तुमचे सामने...”

“शून्य,” सुभेदार म्हणाले. “बरोबर आहे आकडा. आमचा पहिला गोलकीपर कधी आजारी पडला नाही, कधी जायबंदी झाला नाही. देवाची कृपा. तसंच वाचा.”

योगेश मनात हिशेब करू लागला. अकरा वर्षं! रोज पहाटे उठायचं, सरावात झेपा घ्यायच्या, ढोपरं फोडून घ्यायची. सामन्याच्या दिवशी जर्सी चढवायची आणि बाकावर बसायचं. दुसरा कोणी असता तर दोन वर्षांत कंटाळून घरी गेला असता.

“अवो, त्यास्नी सांगा की,” पार्वतीकाकू म्हणाल्या. बारा गावचं पाणी प्यायल्या तरी त्यांची कोल्हापुरी बोली हलली नव्हती.

“काय सांगायचं? बाकावरच्या गोष्टी बाकावर.”

काकूंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली आणि त्या योगेशकडे वळल्या. “दादा, ती फायनल हाय न्हवं तुमच्या फोनात? पेनल्टीवाली?”

नसायला काय झालं! दहावीत असताना मिरजेला शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून योगेशने तो सामना पाहिला होता. आपल्या गोलकीपरने तीन पेनल्ट्या अडवल्या आणि कप घरी आणला. तिसरी तर अजबच. तो जागचा हललाच नाही आणि चेंडू आपणहून त्याच्या छातीवर आला. त्याला कळलं कसं, हे तेव्हा घराघरांत लोक एकमेकांना विचारत होते. ते क्षण योगेशने पुढे शंभर वेळा तरी पाहिले असतील.

“हाय न्हवं? मग आज गोलकडं बघू नका,” काकू म्हणाल्या. “ह्यांच्याकडं बघा.”

योगेशने व्हिडिओ लावला. प्रत्येक किकआधी कॅमेरा क्षणभर आपल्या बाकाकडे वळायचा. बारा वर्षं योगेश तेवढा भाग बोटाने पुढे ढकलत आला होता. आज त्याने बोट लावलं नाही.

बाकासमोर एक सडपातळ माणूस उभा होता. त्याचा टॉवेल उजव्या खांद्यावर होता. गोलकीपरने उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू अडवला.

पुढच्या वेळी त्या माणसाने तोंड पुसलं आणि टॉवेल डाव्या खांद्यावर टाकला. गोलकीपर डावीकडे झेपावला. चेंडू अडला.

तिसरी पेनल्टी. योगेशने फोन डोळ्यांजवळ धरला. त्या माणसाने टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि दोन्ही टोकं छातीवर सारखी सोडली. गोलकीपर जागचा हलला नाही.

योगेशने मान वर केली. “कसं, सर?”

सुभेदार ओशाळल्यासारखे हसले. “खेळायला मिळत नाही, तो बघत बसतो. अकरा वर्षं बघितलं की कळतं, चेंडू ठेवताना कोण कसा उभा राहिला म्हणजे तो कुठं मारणार. ते पोरगं तिथं एकटं उभं होतं. त्याला कोणीतरी सांगायला नको?” त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, नीट घडी घातली आणि काकूंच्या हातात दिला.

चारुलताताई शाल घेऊन दारात उभ्या होत्या. “काय ठरलं? कर्नलसाहेबांना सांगू ना?”

योगेशने त्यांच्या हातातली शाल घेतली आणि तो सरळ माइकपाशी गेला. परिचयाचा कागद त्याच्या खिशातच राहिला.

“सुभेदार देवराम सासने,” तो म्हणाला. “देशासाठी खेळलेले सामने, शून्य.”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. ते हसू विरेपर्यंत योगेश थांबला.

“अडवलेल्या पेनल्ट्या, तीन.”