सहा जड खोकी

२००८ सालचा डिसेंबर. त्या हिवाळ्यात बिश्केकपासून डोंगरातल्या गावांपर्यंत वीज सहा-सहा तास जायची आणि परत येताना असा हिसका देऊन यायची की गावोगावचे संगणक जळायचे. शहराच्या बाजारात जुन्या लोखंडी कंटेनरांत थाटलेली दुकानं होती. त्यातल्या इशेनबेकच्या, संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाला बरे दिवस आले होते.

दुकान इशेनबेकचं, पण गिऱ्हाईक यायचं ते बुरुलसाठी. बुरुल त्याच्या बायकोची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून यांच्याच घरी राहायची. सगळा बाजार तिला एजे म्हणायचा, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. स्वस्तातल्या मालावरचं नाव खोटं, छापलेले आकडे खोटे. बुरुल वस्तू तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची. आत खऱ्या मालाचं तांबं असलं की हाताला कळतं, नसलं की तेही कळतं. तिचा हात चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मुकान मास्तर त्या दिवशी डोंगरातल्या गावाहून आठ तास गाडीत बसून आले होते. मिशांवरचा बर्फ अजून वितळायचा होता.

"एजे, शाळेचे सहाही संगणक बसले. सगळ्यांचे पॉवर सप्लाय गेले. असे द्या की वीज कशीही आली तरी टिकतील."

"कशीही वीज आली तर मी पण टिकायची नाही, मास्तर."

मास्तर हसले. "तुमचं ठीक आहे. तिथं संगणकांच्या खोलीत राखणीला आमचा तोक्तोसुन झोपतो. चोरी झाली तेव्हापासून खिडक्यांना गज बसवलेत आणि दाराला आतून अडसर. पोरं यंत्रं चालू ठेवून घरी जातात. मला त्याचीच काळजी."

इशेनबेकने कालच आलेल्या मालातलं एक पत्र्याचं खोकं फळीवर ठेवलं. "हे आठशे सोमचं. त्या कोपऱ्यात हलकी आहेत, चारशेची. पण शाळेला ती कशाला?"

"एजे सांगतील ते," मास्तर म्हणाले.

बुरुलने खोकं तळहातावर घेतलं. चांगलं जड होतं. तिने डोळे मिटले, आणि लगेच उघडले. तांब्याचं वजन खोकंभर पसरलेलं असतं. हे एका कोपऱ्यात दबा धरून बसलं होतं. तिने खोकं कलतं केलं, उलटं केलं. वजन कोपरा सोडेना. ती उठून दाराशी गेली आणि पंख्याच्या जाळीतून बर्फाच्या उजेडात आत पाहिलं. तळाशी राखाडी सिमेंटचा ठोकळा चिकटवलेला होता. त्याच्या शेजारी शेवयांसारख्या दोन-चार तारा, बाकी काही नाही. बाजारात वजनावर माल पारखतात, ही खबर माल बनवणाऱ्यांपर्यंत कधीच पोचली होती.

तिने इशेनबेककडे पाहिलं. तो सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "एजे, आत या. या गारठ्यात घराबाहेर राहणं तुमच्या वयाला झेपायचं नाही."

मास्तर पुन्हा हसले. माणसं किती आपुलकीने वागतात, असं त्यांना वाटलं असणार.

बुरुल आत आली. खोकं फळीवर ठेवलं.

"जड आहे," ती म्हणाली.

"म्हणजे चांगलं ना?"

बुरुलने हात शालीत ओढून घेतले. "चांगलं आहे, मास्तर. न्या."

उरलेली पाच मास्तरांनी तपासायलाही दिली नाहीत. सहाही खोकी घोंगडीत गुंडाळली आणि तान्हं मूल न्यावं तशी छातीशी धरून नेली.

फेब्रुवारीत तोक्तोसुन त्या खोलीत जळून गेला. अडसर त्याला सापडला नाही. मास्तरांची मुख्याध्यापकी गेली, पण शिकवणं सुटलं नाही. त्याच शाळेत आणखी दहा वर्षं ते गणित शिकवत राहिले. इशेनबेकने तो माल वसंताच्या आत संपवला. पुढे तो हजला जाऊन आला, आता शहरात त्याची तीन दुकानं आहेत. बुरुल शेवटपर्यंत त्याच्याच घरी राहिली. दुकानात रोज जाऊन बसायची, आणि लोक तिच्या हातात वस्तू देत राहिले.

आगीनंतरच्या एप्रिलमध्ये घाटातला बर्फ निघाल्यावर मास्तर एकदा येऊन गेले होते. बुरुलसाठी घरच्या सुकवलेल्या दह्याचे गोळे आणले होते. चौकशी झाल्याचं त्यांनी सांगितलं.

"पण तुमच्या मालाला मी बोल लागू दिला नाही, एजे. सरळ लिहून दिलं. माल बुरुल एजेंनी हातावर घेऊन पारखलेला आहे, दोष असलाच तर शाळेच्या जुन्या तारांचा. साहेबांना पटलं. गावाने वर्गणी काढली आणि अख्ख्या शाळेत नवी तार घातली."

"आणि ती खोकी?"

"दोन गेली. चार वाचली, ती पुसून पुन्हा जोडली. आता कसली भीती नाही. तोक्तोसुनच्या जागी त्याचा धाकटा भाऊ झोपतो."

बुरुलने किटली उचलली. आमच्याकडे पाहुण्याला चहाचा पेला अर्धाच भरून देतात, त्याने बसावं, पुन्हा मागावा म्हणून; भरलेला पेला म्हणजे आता उठा. तिने मास्तरांचा पेला काठोकाठ भरला. मास्तरांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आपलं काय चुकलं ते न कळून टोपी उचलली.